भुलीच्या उंबरठ्यावर

रात्रीचे नऊ वाजून गेले की रुग्णालयाच्या वॉर्डात एक वेगळीच शांतता पसरते. भेटीला आलेली मंडळी परतलेली असतात, जेवणाचे डबे रिकामे झालेले असतात, परिचारिकांची पाळी बदललेली असते. बहुतेक रुग्णांचा डोळा लागतो. जागा असतो तो, ज्याची उद्या सकाळी शस्त्रक्रिया आहे. धर्मगुरू या नात्याने गेली अनेक वर्षे अशा खाटांजवळ बसण्याचा योग मला आला. परंतु या विषयावर लिहायला बसलो की डोळ्यांसमोर प्रथम येते ती माझ्या वडिलांची खाट.

त्या वेळी मी सेमिनरीच्या शेवटच्या वर्षाला होतो. वडिलांच्या पोटात गाठ आढळली होती व ती काढून टाकण्याचे डॉक्टरांनी ठरवले होते. घरच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून निर्णय घेतला की त्यांना काहीही सांगायचे नाही; ते धसका घेतील. ‘तुझा शब्द ते मानतील’ असे म्हणून ही कामगिरी माझ्यावर सोपवण्यात आली. आदल्या रात्री वडिलांनी मला विचारले, “उद्या माझं काय करणार आहेत रे?” मी म्हणालो, “काही नाही, बाबा. एक तपासणी आहे.” ते माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले आणि त्यांनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या घशात नळी होती, हात खाटेला बांधलेले होते आणि पोटावर वीतभर रुंदीची पट्टी होती. त्यांना बोलता येत नव्हते. त्यांच्या डोळ्यांतील ती भीती मी अद्याप विसरलेलो नाही. देवदयेने ते बरे झाले व त्यानंतर नऊ वर्षे जगले. घरी परतल्यावर एकदाच म्हणाले, “तू तरी सांगायला हवं होतंस.” पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

त्यांच्या त्या एका वाक्यामुळे मी भुलीच्या इतिहासाकडे वळलो. हा इतिहास सामान्यतः औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: प्रथम ईथर, मग क्लोरोफॉर्म, मग नवनवी द्रव्ये व यंत्रे. तो खराच आहे. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक इतिहास दडलेला आहे. भूल देण्यापूर्वी समोरच्या माणसाची तयारी कशी करावी, त्याला काय विचारावे, काय सांगावे आणि काय लपवू नये, हे वैद्यकाला फार हळूहळू व फार मोठी किंमत मोजून उमगत गेले. त्या दुसऱ्या इतिहासाची ही थोडक्यात कथा आहे.

सात काळे कोट

१८११ सालच्या सप्टेंबर महिन्याची ३० तारीख. फॅनी बर्नी ही प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याची पत्नी म्हणून त्या काळी पॅरिसमध्ये राहत होती. तिच्या स्तनात गाठ झाली होती. नेपोलियनच्या सैन्याचा नामांकित सर्जन लारे याने शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. तथापि दिवस कोणता, हे तिला मुद्दामच सांगण्यात आले नाही. वाट पाहण्याचा छळ तिला होऊ नये, असा त्यामागील सद्हेतू होता. अखेर एका सकाळी निरोप आला तो केवळ काही तास आधी. आपल्या पतीला हे दृश्य पाहावे लागू नये म्हणून तिने स्वतःच त्याला घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था केली. मग काळ्या पोशाखातील सात पुरुष तिच्या खोलीत शिरले. गाद्या मागवण्यात आल्या. तिला मद्यमिश्रित पेय दिले होते; भुलीचे औषध तर त्या काळी अस्तित्वातच नव्हते. चेहऱ्यावर तलम रुमाल टाकण्यात आला, पण त्यातून तिला पोलादाची चकाकी दिसत होती.

फॅनी त्यातून वाचली व १८४० पर्यंत, सत्त्याऐंशी वर्षांचे दीर्घायुष्य जगली. बहिणीला या प्रसंगाची हकिकत कळवणारे पत्र पूर्ण करायला तिला कित्येक महिने लागले आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही. त्या पत्रात शारीरिक वेदनेचे वर्णन आहेच. परंतु वाचकाच्या मनात रुतून बसते ते दुसरेच: आधी काही न सांगता अंगावर येऊन कोसळलेली ती सकाळ, खोलीत शिरलेली अनोळखी माणसे आणि आपल्याशी कोणी बोलत नाही ही जाणीव. त्या युगात सर्जनची तयारी म्हणजे हाताचा वेग, आणि रुग्णाची तयारी म्हणजे त्याला धरून ठेवणारी बळकट माणसे.

बोस्टनचा विजय आणि हॅनाचा मृत्यू

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एडवर्ड गिल्बर्ट ॲबट नावाच्या तरुणाला काचेच्या गोलकातून ईथरची वाफ हुंगवली. वृद्ध सर्जन जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली आणि तो ओरडला नाही. ही वार्ता जहाजांबरोबर जगभर पसरली. आजही १६ ऑक्टोबर हा दिवस जागतिक भूल दिन म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी, १८४७ च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. क्लोरोफॉर्मचा वास गोड होता, परिणाम झटपट होता आणि द्यायला रुमालाचा तुकडाही पुरत असे. माणसाला वेदनेपासून मुक्ती मिळाली असा जयघोष सर्वत्र झाला.

तो विरण्यापूर्वीच एक दुर्घटना घडली. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या विनलॅटन गावी हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याचे नख काढायचे होते. काही महिन्यांपूर्वी तिच्यावर अशीच एक शस्त्रक्रिया ईथरखाली झाली होती. या खेपेस ती फार घाबरली होती व सारखी रडत होती. तिला खुर्चीत बसवून कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म घालून हुंगवण्यात आले. अवघ्या काही मिनिटांत ती मरण पावली. क्लोरोफॉर्मखाली झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू होय. एका नखासाठी एक जीव गेला.

तिच्या मृत्यूच्या कारणावरून डॉक्टरांमध्ये दीर्घ वाद झाला. सिम्प्सन यांचे म्हणणे होते की तिला सावध करण्यासाठी तोंडात जे पाणी व ब्रँडी ओतली त्याने ती गुदमरली. लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनी ते मानले नाही. वाफ अति तीव्र झाली व तिने हृदयावर घाला घातला, असे त्यांचे मत होते. हेच ते स्नो, ज्यांनी १८५४ मध्ये लंडनमधील कॉलऱ्याचा माग एका सार्वजनिक पंपापर्यंत काढला. जी चिकित्सक दृष्टी त्यांनी पंपाकडे लावली, तीच भुलीकडेही लावली होती. रुग्ण कोणत्या पायऱ्यांनी बेशुद्धीत उतरतो हे त्यांनी १८४७ मध्येच वर्णिले, वाफेचे प्रमाण मोजून देणारी उपकरणे बनवली, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली आणि भरल्या पोटी भूल देऊ नये हे बजावले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच बोलावण्यात आले, ते या दक्षतेमुळेच. औषध एक असले तरी माणसे एकसारखी नसतात, हा पहिला धडा स्नो यांनी घालून दिला.

हैदराबादचा प्रयोग

या वादाचे एक पर्व आपल्या देशातही घडले. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या राजधानीत एडवर्ड लॉरी हे सर्जन कार्यरत होते. क्लोरोफॉर्मखाली आधी श्वास थांबतो, हृदय नव्हे. म्हणून केवळ श्वासाकडे लक्ष ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. हे सिद्ध करण्यासाठी निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने लागला. त्याच काळात हैदराबादेत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पुढे परदेशांत अधिक अभ्यास करून आल्या; जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

आयोगाचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनालिन वाढले तर हृदयाची लय विस्कटून ते एकाएकी थांबू शकते. ॲड्रेनालिन हे भीतीच्या क्षणी शरीरात आपोआप पाझरणारे द्रव्य आहे. याचा अर्थ, भेदरलेल्या रुग्णाच्या नाकाशी घाईने क्लोरोफॉर्म धरणे हे प्रत्यक्ष प्राणघातक ठरू शकत होते. रडणाऱ्या हॅनाला कोणी आधी जवळ बसवून शांत केले असते तर ती वाचली असती काय, याचे उत्तर आज देता येणार नाही. परंतु भीती ही केवळ मनाची दुर्बलता नसून शरीराला भिडणारी गोष्ट आहे, हे त्या दिवसापासून प्रयोगशाळेनेही मान्य केले.

धर्मभगिनी आणि ॲलिस

प्रयोगशाळेपूर्वी हे ज्यांच्या ध्यानी आले, त्या स्त्रिया होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत भूल देण्याचे काम बहुधा शिकाऊ डॉक्टराकडे सोपवले जाई व त्याचे सारे लक्ष सर्जनच्या हाताकडे असे. म्हणून अनेक सर्जन विश्वासू परिचारिकांकडे वळले. पेनसिल्व्हेनियातील ईरी शहरातल्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात सिस्टर मेरी बर्नार्ड या धर्मभगिनीने १८७७ मध्ये हे काम हाती घेतले. नोंद असलेली ही पहिली भूल देणारी परिचारिका होय.

मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर गावी १८८३ मध्ये चक्रीवादळाने हाहाकार माजवला. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोझ यांनी वृद्ध डॉक्टर मेयो यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला की आम्ही रुग्णालय बांधतो, तुम्ही ते वैद्यकीय अंगाने सांभाळा. त्यातून १८८९ मध्ये सेंट मेरीज रुग्णालय उभे राहिले. तेथे डॉक्टर मेयो यांच्या दोघा पुत्रांबरोबर ॲलिस मगॉ ही परिचारिका १८९३ पासून भूल देऊ लागली. मुखवट्यावर ईथरचा थेंब थेंब टाकणे, एवढेच तिचे साधन होते. तिचे खरे कौशल्य बोलण्यात होते. त्या काळी अन्यत्र रुग्णाला दाबून धरून भूल देण्याची रीत होती. ॲलिस रुग्णाला बांधू देत नसे. पुढे काय होणार हे ती त्याला समजावी, त्याच्याशी सौम्य स्वरात बोलत राही आणि बोलता बोलता त्याला झोपेत नेई. प्रत्येकाचा स्वभाव ओळखून त्याच्याशी कसे बोलावे हे भूल देणाऱ्याने चटकन जाणले पाहिजे, असे तिने आपल्या लेखांत आग्रहाने मांडले. शांत झालेल्या माणसाला औषधही कमी लागते, हा तिचा अनुभव होता. १९०६ मध्ये तिने चौदा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत केवळ भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. आजची कोणतीही यंत्रे हाताशी नसताना हे घडले, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

चोरून केलेली शस्त्रक्रिया

भीतीचे बळ ओळखणारा आणखी एक माणूस त्याच काळात क्लीव्हलँड शहरात होता. जॉर्ज क्राइल हे थोर सर्जन. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी अति काम करू लागली की रुग्णाचे हृदय धडधडते, हात थरथरतात, मन अस्थिर होते. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या नुसत्या धसक्याने प्राणघातक झटका येऊ शकत असे. क्राइल यांनी एक युक्ती योजली. रुग्णाच्या खोलीत रोज सकाळी भूल देणारी परिचारिका यायची व उपचार म्हणून तोंडावर मुखवटा ठेवून एखादे निरुपद्रवी द्रव्य हुंगवायची. रुग्णाला त्याची सवय होई. मग एके दिवशी, त्याला कळू न देता, त्याच मुखवट्यातून खरीखुरी भूल दिली जाई आणि तो जागा होई तेव्हा शस्त्रक्रिया पार पडलेली असे. थायरॉइडची चोरी, असेच या पद्धतीला नाव पडले. तिने मृत्यूंचे प्रमाण घटले, हे मान्य केलेच पाहिजे.

क्राइल यांच्याविषयी वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझ्या वडिलांना मी जे सांगितले होते, ते याच जातीचे होते. आमचाही हेतू वाईट नव्हता. क्राइल यांच्या बाजूने निदान एक ठोस वैद्यकीय कारण होते. त्या विशिष्ट आजारात भीती खरोखर जीव घेत होती आणि तिला आवरणारी औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती. पुढे ती औषधे आली व ही चोरी अनावश्यक ठरली. आमच्या बाजूने मात्र केवळ आमचीच भीती होती. वडिलांच्या प्रश्नाला तोंड देण्याचे धैर्य आमच्यात नव्हते आणि आम्ही त्याला त्यांच्यावरील माया असे नाव दिले होते.

१९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयासमोर एक खटला आला. मेरी श्लोएनडॉर्फ या बाईंनी ईथरखाली केवळ तपासणीस संमती दिली होती व शस्त्रक्रिया नको असे बजावले होते. तरीही त्या बेशुद्ध असताना त्यांची गाठ काढण्यात आली व नंतर त्यांच्या हाताला गंभीर इजा झाली. रुग्णालयाविरुद्धचा खटला त्या हरल्या, परंतु न्यायमूर्ती कार्डोझो यांनी त्यात एक तत्त्व नोंदवून ठेवले: सज्ञान व सुबुद्ध माणसाच्या शरीराचे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये अशाच एका प्रकरणात निर्णय दिला की जीव वाचवण्याची तातडी नसेल तर एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही, सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाने दिलेली संमती पुरेशी नाही आणि संमतीपूर्वी रुग्णाला पुरेशी माहिती मिळाली पाहिजे. भुलीत माणूस स्वतःला संपूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोपवतो. म्हणूनच भुलीपूर्वी दिलेला शब्द अधिक पवित्र मानला पाहिजे.

विवेकबुद्धीची तयारी

येथे ख्रिस्तसभेविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. धर्माने भुलीला कडाडून विरोध केला, ही कथा वारंवार सांगितली जाते. सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये धार्मिक आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका लिहिली व परमेश्वराने आदामाला गाढ झोप आणल्याचा दाखला दिला, हे खरे आहे. तथापि अलीकडच्या अभ्यासकांनी जुने दस्तऐवज तपासले असता संघटित विरोधाचा पुरावा फारसा आढळला नाही. भाविकांच्या मनात मात्र शंका असत: वेदना ही क्रुसाचा वाटा आहे, तर ती टाळणे योग्य काय?

हाच प्रश्न इटलीतील भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला व २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोपमहोदयांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. वेदना सोसलीच पाहिजे असे सर्वसाधारण बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. भूल घेणे नीतीला धरून आहे. कोणी स्वेच्छेने वेदना स्वीकारली तर तो त्याचा निर्णय. मरणासन्न रुग्णाच्या वेदना शमवणेही त्यांनी योग्य ठरवले. परंतु अशा रुग्णाची शुद्ध गंभीर कारणावाचून हिरावून घेऊ नये आणि त्याला आपली कर्तव्ये पार पाडण्याची संधी मिळालेली असावी, ही अटही घातली. ही अट पाळायची तर रुग्णाला त्याची अवस्था ठाऊक असली पाहिजे, हे ओघानेच आले.

दहा नातेवाइकांची गोष्ट

विसाव्या शतकाच्या मध्याला रुग्णाच्या तयारीला शास्त्राची शिस्त आली. १९४१ मध्ये मेयर साक्लाड व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वीची प्रकृती कशी आहे यावरून त्यांची प्रतवारी सुचवली. तीच सुधारून आजही वापरली जाते. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी तपासून ६६ प्रकरणांत पोटातील द्रव भुलीत फुप्फुसात गेल्याचे दाखवले. त्यातून ‘मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही नाही’ हा नियम जगभर रूढ झाला. पुढे कळले की सर्वांना एकाच काठीने हाकणे येथेही योग्य नव्हते. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये मार्गदर्शन केले की निरोगी माणसाला नियोजित शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते. हलक्या आहारासाठी मात्र सहा तासांचे अंतर हवे. अर्थात प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे, कारण गरोदर स्त्री, मधुमेही व तातडीचा रुग्ण यांचा हिशेब वेगळा असतो.

परंतु नियमांहून मोलाचे असते ते ऐकून घेणे. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याचा पाय अपघातात मोडला. त्याला पायाची चिंता नव्हती, भुलीची होती. आपल्या दहा नातेवाइकांचे प्राण भुलीतच गेले असे तो सांगत होता. डॉक्टरांनी ईथर टाळून हॅलोथेन हे नवे औषध जपून दिले. थोड्याच वेळात त्याचे शरीर तापू लागले व रक्तदाब कोसळला. डॉक्टर सावध होते. त्यांनी भूल तत्काळ थांबवली, त्याला बर्फाने थंड केले आणि तो वाचला. डॉ. मायकेल डेनबरो यांनी त्याच्या कुटुंबाचा मागोवा घेतला तेव्हा रक्तातून चालत येणारा एक दुर्मिळ विकार उजेडात आला. भुलीची काही औषधे अशा माणसांना विषासमान असतात. आज भूलतज्ज्ञ विचारतात, “घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?” त्या साध्या प्रश्नामागे या मुलाचे घराणे उभे आहे. त्याची भीती कोणी हसण्यावारी नेली असती तर त्या घराण्यात अकरावा मृत्यू झाला असता.

पुन्हा बोस्टन

या कथेचे शेवटचे पान पुन्हा त्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लिहिले गेले. डॉ. लॉरेन्स एगबर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये २१८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना शस्त्रक्रियेपूर्वी झोपेचे औषध देण्यात आले. काहींना आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ स्वतः भेटून गेले. औषधाने रुग्ण पेंगुळले, पण शांत झाले नाहीत. भेटीने ते शांत झाले.

पुढील वर्षी त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना भूलतज्ज्ञांनी आधीच स्पष्ट सांगितले की जाग आल्यावर दुखेल, कोठे दुखेल, किती दुखेल, किती काळ दुखेल. असे दुखणे स्वाभाविक आहे. स्नायू सैल कसे सोडावेत, कुशीवर कसे वळावे आणि औषध हवे असल्यास मागावे. उरलेल्यांना नेहमीप्रमाणेच वागवले गेले. कोणाला काय सांगितले आहे हे सर्जनांना ठाऊक नव्हते. ज्यांना खरे सांगितले होते त्यांना वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मेच लागले आणि सर्जनांनी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडले.

ज्या वास्तूत १८४६ मध्ये औषधाने वेदनेवर विजय मिळवला, त्याच वास्तूत ११८ वर्षांनी सिद्ध झाले की खरे बोलणे हेही वेदनेवरील औषध आहे. ‘त्यांना सांगू नका, धसका घेतील’ ही आमच्या घरची समजूत त्या ९७ रुग्णांच्या आकड्यांपुढे टिकत नाही. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी हे शोधनिबंध छापून झाले होते.

शेवटी एक प्रसंग सांगतो. काही काळापूर्वी माझ्या धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींना पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल केले होते. मी कम्युनियन घेऊन गेलो तर बाहेरच मुलाने अडवले. “फादर, तिला उद्याचं काही बोलू नका. आणि तेल लावू नका, ती घाबरेल.” तैलाभ्यंग हा केवळ मरणाऱ्यांचा संस्कार नाही, आजाऱ्यांचा संस्कार आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपासून आम्ही सांगत आलो, लोकांच्या मनातली जुनी भीती मात्र गेलेली नाही. मी त्याला बाजूला नेऊन माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली.

आम्ही आत गेलो तेव्हा एक तरुण भूलतज्ज्ञ बाई मावशींच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या होत्या. पूर्वी कधी भूल दिली होती का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, दात कवळीचे आहेत का, जिना चढताना दम लागतो का, असे एकेक विचारून त्यांनी कागदावर टिपले. मग म्हणाल्या, “आता तुम्ही विचारा, मावशी.” मावशींनी थोडा वेळ पदर चाचपला व विचारले, “मध्येच जाग आली तर?” बाई हसल्या नाहीत. “मी पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी उभी असेन,” त्या म्हणाल्या. “तुमचा श्वास, तुमचं हृदय, सगळं पाहत असेन. उठल्यावर घसा थोडा खवखवेल, पोटात दुखेल, खांद्यातही दुखेल. घाबरायचं नाही. दुखलं की सांगायचं.” सगळे मिळून दहा मिनिटे झाली असतील.

त्या गेल्यावर मी मावशींना कम्युनियन दिला आणि त्यांनी स्वतःच तैलाभ्यंग मागितला. मुलगा पायथ्याशी उभा राहून प्रार्थना म्हणत होता. निघताना मी वळून पाहिले तर मावशींचे डोळे मिटलेले होते. झोपेची गोळी अजून टेबलावरच होती.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी केव्हा ना केव्हा ती रात्र येणार आहे. खाटेवरच्या माणसाने विचारले, “उद्या माझं काय करणार आहेत?” तर कूस बदलण्याची पाळी त्याच्यावर आणू नका. जवळ बसा आणि जेवढे तुम्हांला ठाऊक आहे तेवढे त्याला सांगा. उरलेले सांगायला डॉक्टरांना बोलावून आणा. मला ते करता आले नव्हते.